मुद्दाम हरलेला डाव

हिंजवडी हें नांव आतां कोणत्याहि सुशिक्षित मराठी कुटुंबास नवें राहिलेलें नाहीं. ज्या घरांतील एक तरी मुलगा पूर्वीं शाळाखात्यांत किंवा कचेरींत असावयाचा, त्या घरांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा सून आज हिंजवडीस असते. मुळशी तालुक्यांतील हें गांव पंचक्रोशींत ओळखलें जाई तें म्हातोबासाठीं आणि त्याच्या चैत्रांतील बगाडासाठीं. बगाड आजहि निघतें. परंतु त्याच गांवाच्या शिवारांत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभें राहिलें, आणि आतां हिंजवडी म्हटलें कीं संगणक आणि वाहनांची रांग ह्या दोनच गोष्टी लोकांच्या डोळ्यांपुढें येतात. मला मात्र यापुढें हिंजवडी म्हटलें कीं बुद्धिबळाचा एक डाव आठवेल. तो डाव मी हरलों. आणि ज्या रीतीनें हरलों तिची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यांत मी भाचीकडे पंधरा दिवस राहावयास गेलों होतों. ती व तिचे यजमान, दोघेंहि तेथल्याच कंपन्यांतून संगणकाचें काम करतात. त्यांचा मोठा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याची दृष्टि अगदीं लहानपणीं गेली. मुलगा हुशार, बोलका आणि किंचित् हट्टी. ब्रेल लिपि बोटांनीं इतक्या झपाट्यानें वाचतो कीं, आपण पाहत राहावें. मी त्याच्या आईचा मामा, म्हणून तो मला मामाआजोबा म्हणतो. मी बुद्धिबळ खेळतों हें त्याला कोणी तरी सांगून ठेविलें होतें. त्यामुळें मी चहा घेऊन टेकतों न टेकतों तोंच स्वारी पट घेऊन हजर झाली.

हा पट आपल्या नेहमींच्या पटासारखा नव्हता. प्रत्येक घराच्या मध्यभागीं एक भोंक आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशीं एक खुंटी. काळीं घरें पांढऱ्या घरांपेक्षां किंचित् उचललेलीं, आणि काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर एक बारीक टोंक. बोटें फिरविलीं कीं सबंध डाव हाताखालीं येतो आणि एकहि मोहरें पडत नाहीं. आतां, हात लावलेलें मोहरें खेळलेंच पाहिजे हा बुद्धिबळांतील नियम येथें कसा चालावा? म्हणून जागतिक बुद्धिबळसंघाच्या नियमांत अंध खेळाडूपुरता स्पर्शाचा अर्थच निराळा केला आहे: खुंटी भोंकांतून बाहेर काढली, तरच मोहऱ्यास हात लावला असें धरावयाचें. चाल मोठ्यानें बोलून सांगावयाची. पटाच्या आठ उभ्या पट्ट्यांना आन्ना, बेला, डाव्हिड, एव्हा, फेलिक्स अशीं माणसांचीं नांवें दिलेलीं आहेत; कारण बी, सी, डी, ई हीं इंग्रजी अक्षरें कानाला सारखींच लागतात. "एव्हा चार!" अशी पहिली चाल पुकारतांना त्या मुलाचा चेहरा कसा खुलतो, तें पाहण्यासारखें असतें.

परंतु डाव सुरू होण्यापूर्वीं एक गोष्ट घडली. भाचीनें मला स्वयंपाकघरांत बोलाविलें आणि हलक्या आवाजांत ती म्हणाली, "मामा, त्याला जिंकूं द्या हं. दिवसभर बिचारा घरांतच असतो." मीं मान डोलाविली. आईच्या त्या शब्दांना नाहीं म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. खरें सांगावयाचें तर, नाहीं म्हणावें असें मला वाटलेंहि नाहीं. बाहेर येऊन मी खेळावयास बसलों, आपला वजीर त्याच्या घोड्याच्या तोंडीं दिला, आणि विसाव्या-बाविसाव्या चालीस स्वतःवर मात करून घेतली.

"वाहवा!" मीं मोठ्यानें म्हटलें. "हरविलेंस रे बाबा म्हाताऱ्याला!"

मुलगा हंसला नाहीं. त्यानें एकेक मोहरें उपटून पेटींत त्याच्या त्याच्या खांचेंत ठेविलें, झांकण लाविलें आणि तो म्हणाला, "मामाआजोबा, तुम्ही मुद्दाम हरलांत."

"छे, छे! वजिराकडे माझें लक्षच नव्हतें."

"वजीर गेला तेव्हां तुमचा श्वाससुद्धां हलला नाहीं. पुढची चाल सांगतांना तर तुमचा आवाज हंसत होता." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि स्वयंपाकघरांतलें बोलणें येथें ऐकूं येतें."

दाराशीं त्याची आई उभी होती. तिच्याकडे पाहण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

त्या रात्रीं मला लवकर झोंप आली नाहीं. भाची बोलली ती मायेपोटीं, आणि मीं केलें तेंहि चांगल्याच हेतूनें. मग चुकलें कोठें? विचार करतां करतां आपल्या म्हणी आठवूं लागल्या. आंधळा मागतो एक डोळा. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. आंधळ्याच्या गाई देव राखतो. एकींत अंध मनुष्य मागणारा, दुसरींत फसणारा, तिसरींत देवावर हवाला ठेवणारा. उलट पक्षीं एखादा अंध पुरुष असामान्य निघाला, कीं आपण त्याला प्रज्ञाचक्षु म्हणतों. विदर्भांतील गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) आपण तसें म्हणतों आणि त्यांच्या ग्रंथसंपदेपुढें हात जोडतों, तें योग्यच आहे. परंतु एकंदरींत पाहतां, अंधाला आपण एक तर देवळाच्या पायरीवर बसवितों, नाहीं तर देव्हाऱ्यांत. आपल्याला हरवूं शकणारा आणि आपल्याकडून हरूं शकणारा गडी म्हणून पटाच्या पलीकडे बसविण्याचें आपल्या मनांत येत नाहीं. आंधळी कोशिंबीर आपण सगळेच खेळलों आहोंत. पण तेथें डोळे बांधलेले असतात, आणि खेळ संपतांच फडकें सुटतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलानें आपण होऊनच अबोला सोडला. "आतां माझ्या खेळांत या," तो म्हणाला. "तेथें तुम्हांला मुद्दाम हरावें लागणार नाहीं." त्यानें माझ्या कानांवर हेडफोन चढविले, डावी बाजू कोणती व उजवी कोणती हें दोनदां चाचपून पाहिलें, आणि आपला मोबाइल माझ्या हातांत दिला. पडदा काळा होता.

"अरे, कांहीं दिसत नाहीं."

"दिसायचें नाहींच आहे."

हा खेळ फ्रान्सांतील ल्योन शहरच्या डोविनो ह्या मंडळीनें २०१५ सालीं काढलेला. त्याचें नांव 'अ ब्लाइंड लेजंड'. एडवर्ड ब्लेक नांवाचा एक अंध वीर त्याचा नायक आहे. दुष्ट राजानें त्याची पत्नी पळवून नेली आहे, आणि त्याची लहान मुलगी लुईझ बोलून बोलून बापाला वाट दाखविते. चित्र मुळींच नाहीं. मुलीचा आवाज ज्या बाजूनें येईल त्या बाजूस वळावयाचें. शत्रूचें पाऊल ज्या बाजूनें वाजेल त्या बाजूस काचेवरून बोट ओढलें कीं तलवार फिरते. ऐकावयास हें सोपें वाटतें. मी मात्र मुलगी डावीकडून हांक मारीत असतां उजवीकडे चाललों, शत्रु एकीकडे आणि माझी तलवार दुसरीकडे, आणि पहिल्याच चकमकींत तीनदां धारातीर्थीं पडलों. माझा शिक्षक शेजारीं बसून पोट धरून हंसत होता.

"मामाआजोबा, तुम्ही डोळे फाडून ऐकतां आहांत. मिटा ते!"

डोळे मिटले, आणि थोड्या वेळानें खरोखरच त्या काळोखांत जागा दिसूं लागली. पाणी कोठें वाहतें, पायाखालीं दगड आहे कीं पाला, घोडा दूर आहे कीं जवळ, हें कळूं लागलें. चौथ्या खेपेस माझा शत्रु पडला, तेव्हां मला झालेला आनंद माझ्या वयास शोभणारा नव्हता. त्या सबंध सकाळींत मुलानें मला एकदांहि मदत केली नाहीं. मला जिंकूं द्यावें असें त्याला वाटलें नाहीं. मी खेळावयास शिकावें असें वाटलें. माझ्या आणि त्याच्या वागण्यांतील हा फरक माझ्या ध्यानांत आल्यावांचून राहिला नाहीं.

कानांनीं जागा कळते ती कशी, ह्याची उपपत्ति मनोरंजक आहे. डाव्या बाजूनें आलेला आवाज डाव्या कानाला आधीं पोंचतो आणि उजव्या कानाला मागाहून. हें अंतर अधिकांत अधिक म्हणजे एका सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं सहा-सात भाग. परंतु तेवढें मेंदूला पुरतें. शिवाय डोकें आड आल्यामुळें उंच पट्टीचा आवाज दूरच्या कानाला क्षीण ऐकूं येतो. ह्या दोन खुणांची मांडणी लॉर्ड रॅले ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं केली. समोरचा आवाज आणि पाठीमागचा आवाज ह्यांत मात्र हीं दोन्हीं अंतरें सारखींच. तेथें कानाच्या पाळीवरील उंचवटे व खळगे उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामुळें निरनिराळ्या दिशांनीं येणाऱ्या आवाजाचा रंग थोडाथोडा पालटतो. पुतळ्याच्या डोक्यांत दोन कानांच्या जागीं दोन ध्वनिग्राहक बसवून आवाज टिपले, किंवा गणितानें तसाच परिणाम साधला, म्हणजे ऐकणाऱ्याच्या भोंवतीं सबंध जग उभें करतां येतें. म्हणूनच असे खेळ हेडफोनवांचून खेळतां येत नाहींत, आणि म्हणूनच डावें-उजवें तपासून पाहण्याविषयीं आमचे गुरुजी इतके दक्ष होते. देवानें डोळे नेले तर कान अधिक तीक्ष्ण देतो, असें आपण सहज बोलून जातों. वय सोडून दिलें तर त्याचे कान माझ्यासारखेच आहेत. अभ्यास मात्र माझ्यापेक्षां तेरा वर्षांनीं अधिक आहे.

चित्रावांचून खेळ ही कल्पना कांहीं कालपरवांची नव्हे. जपानांत केन्जी एनो नांवाचा एक खेळ रचणारा होता. त्याचे पहिले खेळ चित्रांचेच. परंतु कांहीं अंध माणसें ते खेळ केवळ आवाजाच्या आधारानें खेळतात असें त्याला कळलें, आणि तो त्यांना जाऊन भेटला. त्यांतून १९९७ सालीं 'रिअल साउंड: काझे नो रिग्रेट' हा खेळ निघाला. त्यांत पाहावयास कांहींच नव्हतें, आणि सोबत ब्रेलमध्यें सूचना होत्या. सेगा कंपनीच्या यंत्रासाठीं हा खेळ देतांना त्यानें अट घातली कीं, कंपनीनें अशीं एक हजार यंत्रें अंधांना द्यावीं. खेळाच्या एक हजार प्रती तो स्वतः देईल. डोळस आणि अंध ह्यांनीं तोच खेळ सारख्याच रीतीनें खेळावा, हा त्याचा हेतु होता. एनो २०१३ सालीं वारला.

आपल्याकडेहि हें काम झालें आहे, आणि तें एका मराठी माणसानें केलें आहे. मुंबईचे श्री. चारुदत्त जाधव हे स्वतः अंध, बुद्धिबळपटु आणि संगणकाचे जाणकार. अंधांसाठीं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ उभा करण्यांत ते अग्रभागीं होते. त्यांनीं 'टॉक-६४' नांवाचा बोलका बुद्धिबळाचा खेळ संगणकासाठीं तयार केला. पटाचीं घरें चौसष्ट, म्हणून हें नांव. चाल संगणक बोलून सांगतो, आणि खेळणारा कीबोर्डावरून उत्तर देतो. शेजारीं वाचून दाखविणारा कोणी बसावा लागत नाहीं. बुद्धिबळाचा अभ्यास पुस्तकांवांचून होत नाहीं, आणि अशीं पुस्तकें ब्रेलमध्यें किती मिळणार? ज्या खेळाडूला संगणक हा कधींहि न कंटाळणारा जोडीदार मिळाला, त्याला केवढें दार उघडलें असेल ह्याची कल्पना करावी. आपले अंध खेळाडू पुढें किती दूर पोंचले तेंहि सर्वांस ठाऊक आहे: २०२३ च्या ऑक्टोबरांत हांग्झौ येथें झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत बडोद्याच्या दर्पण इनानी ह्यानें बुद्धिबळांत सुवर्णपदक मिळविलें. त्याच्यापुढें कोणी मुद्दाम वजीर टाकला नव्हता.

हें सर्व मीं संध्याकाळीं घरांत बोलून दाखविलें, तेव्हां मुलगा म्हणाला, "मामाआजोबा, माझ्या वर्गांतलीं मुलें जो खेळ खेळतात, तो ऐका." त्यानें संगणक उघडला. त्याच्या संगणकावर 'एनव्हीडीए' नांवाचा वाचक आहे. पडद्यावरील मजकूर तो मोठ्यानें वाचून दाखवितो. मायकेल करन ह्या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं त्याचा आरंभ केला, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला मिळाला, आणि हा वाचक जगभर फुकट वांटला जातो. तो मराठीहि वाचतो. मुलानें कळ दाबीत जावें आणि वाचकानें सांगत जावें. आम्हांस ऐकूं आलें तें एवढेंच: "बटण. बटण. बटण. बटण."

"ह्यांतलें खेळ सुरू करायचें बटण कोणतें, सांगा पाहूं," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांनीं मला समजावून सांगितलें. पडद्यावर त्रिकोणाचें किंवा चाकाचें चित्र असतें. डोळसाला तें पुरतें. वाचकाला चित्र कळत नाहीं. त्या चित्रामागें 'खेळ सुरू करा', 'आवाज वाढवा' असें नांव लिहून ठेविलें असेल, तर तें तो वाचतो; नसेल, तर बिचारा 'बटण' म्हणून मोकळा होतो. सगळे खेळ एवढ्यानेंच खेळण्याजोगे होतात असें नव्हे. धांवत्या खेळाला आवाजाच्या निराळ्या खुणा लागतात. पण तेंहि अशक्य नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत निघालेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' ह्या मोठ्या सचित्र खेळांत साठांहून अधिक सोयी ठेविल्या होत्या, आणि पूर्ण अंध खेळाडूंनीं तो शेवटपर्यंत खेळला. बुद्धिबळ, पत्ते किंवा शब्दकोडें ह्यांसारख्या संथ खेळांना मात्र बहुधा त्या नांवांचीच उणीव असते.

"हें नांव लिहावयास किती वेळ लागतो?" मीं विचारलें.

"एका बटणाला एक ओळ."

"मग लिहीत कां नाहींत?"

"कोणी मागत नाहीं, मामा. आणि शेवटच्या आठवड्यांत घाई असते."

"बाबा, तुम्ही लिहितां?" मुलानें विचारलें.

त्याचे वडील क्षणभर गप्प राहिले. "पूर्वीं लिहीत नव्हतों," ते म्हणाले. "आतां लिहितों."

ह्या उत्तरांतील प्रामाणिकपणा मला फार आवडला. ज्यांच्या घरांत असा मुलगा आहे, त्यांनासुद्धां तें सुचावयास वेळ लागला. मग इतरांस नांवें ठेवण्यांत काय अर्थ? परंतु सुचल्यानंतरहि न करणें ही गोष्ट निराळी. कायदा आपल्या परीनें बोलून चुकला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा अधिनियम २०१६ सालीं झाला, आणि ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, संगणकी सेवांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला बँकेंत ओळख पटविण्याच्या रीतीविषयीं होता, खेळाविषयीं नव्हता. कोणी म्हणेल कीं, आधीं बँक, मग शाळा, मग नोकरी. खेळ तो काय, सर्वांत शेवटीं! मला तसें वाटत नाहीं. मुलाला माणसांत आणतो तो खेळच. वर्गांतलीं मुलें ज्या खेळाविषयीं बोलतात, तो ज्याला खेळतां येत नाहीं, तो मधल्या सुटींत कोणाशीं बोलणार? आणि बरोबरीच्या नात्यानें हरणें-जिंकणें जो खेळांत शिकला नाहीं, त्याला पुढें नोकरींत कोणी बरोबरीनें वागविलें, तरी त्यावर त्याचा विश्वास बसणें कठीण.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हिंजवडीस किंवा तशाच ठिकाणीं काम करणारें कोणी तरी असेलच. पुढच्या सणाला तें घरीं येईल तेव्हां, पगार किती आणि घराचा हप्ता किती ह्या चौकशीबरोबर, "तुम्ही बटणांना नांवें देतां का?" एवढें एक विचारून पाहावें. प्रश्न क्षुल्लक वाटेल. त्याच्या उत्तरावर कोणाच्या तरी मुलाची मधली सुटी अवलंबून आहे.

माझ्या मुक्कामाच्या अखेरच्या संध्याकाळीं पट पुन्हां मांडला गेला. भाची दाराशीं येऊन उभी राहिली. ह्या खेपेस तिनें मला आंत बोलाविलें नाहीं. मी जीव ओतून खेळलों. दोन तास झाले, आणि मीं त्याच्या राजावर मात केली. खोलींत कोणी बोलेना. मुलानें दोन्ही हातांचीं बोटें सबंध पटावरून सावकाश फिरविलीं, राजाच्या भोंवतीं दोनदां फिरविलीं, आणि तो म्हणाला, "घोडा फेलिक्स पांचवर नेला, तेथें चुकलों." मग त्यानें मोहरीं पेटींत भरलीं नाहींत, तीं पुन्हां आपापल्या घरांत खोंवावयास लागला. त्याची आई पदरानें डोळे टिपीत आंत गेली. त्या रात्रीं पानें घेण्यास अकरा वाजले.

आतां दर रविवारीं आमचा डाव फोनवर चालतो. एक पट त्यानें तिकडे मांडला आहे आणि एक मीं येथें. हा लेख लिहीत असतांना माझा एक हत्ती गेला आहे. आणि तो मीं दिलेला नाहीं.